खोली आवरणारीला काय दिसतं

अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांत पहिला खून पैशासाठी, वारशासाठी किंवा जुन्या वैरापोटी होतो. दुसरा खून बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो: कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं. १९६४ साली आलेल्या ‘अ कॅरिबियन मिस्टरी’त हे पाहणारी व्यक्ती आहे व्हिक्टोरिया जॉन्सन. ती एका रिसॉर्टवर खोल्या आवरते. मेजर पालग्रेव्ह नावाचा बडबडा म्हातारा पाहुणा रात्रीत मरतो, त्याच्या खोलीत रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली सापडते, आणि वय झालं होतं म्हणून प्रकरण मिटतं. पण व्हिक्टोरिया रोज ती खोली आवरत होती. ही बाटली आधी तिथे नव्हती, हे तिला माहीत आहे. ती तसं बोलूनही दाखवते. मग एका रात्री ती सुरा खुपसलेल्या अवस्थेत मरून पडलेली सापडते.

(पुढे रहस्य फोडणार आहे. ज्यांना कादंबरी कोरी वाचायची असेल त्यांनी आधी ती वाचून यावं. दोन संध्याकाळींचं काम आहे.)

व्हिक्टोरिया या लेखाच्या केंद्रस्थानी आहे, त्याला कारण आहे. कॅरिबियनमधल्या शांत, एकाकी समुद्रकिनारी रिसॉर्टवर राहणं या अनुभवाचं एक छोटं साहित्य तयार झालेलं आहे. त्यात रहस्यकथा आहे, प्रवासवर्णन आहे, महाकाव्य आहे, जळजळीत निबंध आहे. ते एकत्र वाचताना माझ्या लक्षात आलं की पुस्तक कुठल्याही प्रकारचं असो, खोली आवरणारी बाई त्यात कुठेतरी येतेच. आणि पुस्तक तिचं काय करतं, यावरून त्या पुस्तकाला आपल्या विषयाची किती समज आहे ते कळतं. मी ही पुस्तकं याच कसोटीवर वाचणार आहे.

•

आधी शांततेबद्दल. मी नोकरीमुळे काही वर्षं न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी कुटुंबांत हिवाळ्यातली कॅरिबियनची सुट्टी हा आता नेहमीचा विषय झाला आहे. चार तासांचं विमान, मनगटावर पट्टा, आणि मग परत येईपर्यंत पाकीट काढायचं नाही. खाणं, पिणं, खुर्ची, छत्री, सगळं आधीच भरलेल्या पैशांत. हा ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ प्रकार कॅरिबियनमध्ये घराघरांत पोचवणाऱ्या सँडल्स कंपनीचं पहिलं हॉटेल १९८१ साली जमैकात माँटेगो बेला सुरू झालं. आम्ही गेलो ते अँटिग्वा बेटावरच्या एका छोट्या रिसॉर्टवर. सहा रात्री. खोलीत टीव्ही नव्हता, फोनला रेंज जेमतेम, आणि जाहिरातीत याच दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या.

तिथे पहाटे जाग आली की एक आवाज यायचा. खरखर, थांबणं, पुन्हा खरखर. किनाऱ्यावर पाच-सहा माणसं दाताळ्यांनी सरगॅसम ओढत असत. सरगॅसम म्हणजे तपकिरी रंगाचं तरंगतं समुद्रशेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून कॅरिबियन बेटांवर प्रचंड प्रमाणात येऊन थडकतं. पडून राहिलं की कुजतं आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. ते ओढून, ढकलगाडीत भरून, झाडीमागे नेऊन टाकायचं, वाळू सारखी करायची, आणि पाहुणे उठायच्या आत दिसेनासं व्हायचं. साडेसातला आम्ही कॉफी घेऊन बाहेर यायचो तेव्हा समोर मनुष्याचा हात न लागलेला किनारा असायचा. तो दर पहाटे सहा जणांचा हात लागून तसा झालेला असायचा.

‘शांत’, ‘एकांत’, ‘अस्पर्श’ ही रिसॉर्टची विशेषणं निसर्गाची नाहीत, मजुरीची आहेत. मात्र ही मजुरी दिसू लागली की विकायला ठेवलेला मालच बिघडतो. त्यामुळे काम करणाऱ्याने काम करायचं आणि शिवाय ते केलं नसल्यासारखं दाखवायचं, अशी दुहेरी मेहनत असते. मराठी प्रवासवर्णनाची आपल्याला सवय आहे ती उलट प्रकारच्या प्रवाशाची. ‘अपूर्वाई’तले पु. ल. देशपांडे चौकसपणावर जगतात. भेटलेला माणूस हाच त्यांचा ऐवज. रिसॉर्टचा पाहुणा मात्र चौकशी करावी लागू नये म्हणून पैसे मोजतो. अशा माणसाविषयी लिहायचं कसं?

•

ख्रिस्तीने जे केलं ते वरवर पाहता अगदी साधं आहे. सेंट ऑनोरे नावाचं काल्पनिक बेट, गोल्डन पाम नावाचं हॉटेल, सुटे सुटे बंगले. मिस मार्पल न्यूमोनियातून उठली आहे आणि भाच्याने तिला स्वखर्चाने हवापालटाला पाठवलं आहे. सगळं छान आहे आणि ती कंटाळली आहे. रोज तेच ऊन, तीच ताडाची झाडं, रात्री तोच स्टील बँड. घडत काहीच नाही. ख्रिस्तीची पहिली बारकाई इथे आहे: रिसॉर्टवर काही घडू नये हीच व्यवस्था असते, आणि गावातल्या बारीकसारीक घडामोडींवर जगणाऱ्या बाईला ती जाचते.

मग मेजर मरतो आणि हॉटेलची खरी चिंता उघड होते. मृत्यू फार जाणवता कामा नये, पाहुण्यांची सुट्टी बिघडता कामा नये. हॉटेल नुकतंच हाती घेतलेलं तरुण जोडपं, टिम आणि मॉली केंडल, हसतमुखाने सगळं सावरत राहतं. मृत्यूसुद्धा सरगॅसमसारखा पहाटेच उचलायचा.

कादंबरीची गुरुकिल्ली एका काचेच्या डोळ्यात आहे. मेजर मिस मार्पलला एका खुन्याचा फोटो दाखवणार, तेवढ्यात तो तिच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे पाहतो आणि गप्प होतो. त्या बाजूने चार पाहुणे येत असतात. साहजिकच संशय त्या चौघांवर जातो आणि दीडशे-पावणेदोनशे पानं आपण त्यांच्या विवाहबाह्य भानगडींत रमतो. शेवटी मिस मार्पलला उमगतं की मेजरचा डावा डोळा काचेचा होता. त्याला त्या बाजूचं दिसणं शक्यच नव्हतं. त्याने पाहिलं ते तिच्या डाव्या खांद्यावरून, आणि तिथे केंडल नवरा-बायको बसले होते. खुनी यजमान आहे. बायकोला वेडी ठरवून मारायचं आणि पुढे जायचं, हा टिमचा बेत.

हा नुसता चलाख धागा आहे असं मला वाटत नाही. रिसॉर्टवर पाहुणा पाहुण्यांकडे पाहतो. यजमान समोर बसलेला असला तरी तो दृश्याचा भाग असतो, ताडाच्या झाडासारखा. मिस मार्पलचीही नजर, आपलीही नजर, ज्यांना नावं आणि भूतकाळ आहेत अशा पाहुण्यांकडे गेली. जो सगळ्यांची सोय पाहत होता त्याच्याकडे गेलीच नाही. म्हणजे ख्रिस्तीच्या कथानकाला रिसॉर्टच्या नजरेचा आंधळेपणा पुरता कळलेला आहे. तिने तो कोड्याचा पायाच केला आहे.

आणि तरीही हे पुस्तक व्हिक्टोरियाच्या बाबतीत तोच आंधळेपणा करतं. बाटली नवी आहे हे जिला पहिल्यांदा कळलं ती या कादंबरीतली पहिली गुप्तहेर आहे. मिस मार्पलकडे तर्क आहे, व्हिक्टोरियाकडे पुरावा. रोज त्याच फळीवरची धूळ पुसणारीकडेच असू शकतो असा पुरावा. तिला तिच्या घरच्या माणसाबरोबरचा एक छोटा प्रसंग मिळतो, तिच्या देखणेपणावर काही वाक्यं मिळतात, आणि मग ती कथानकाच्या सोयीने जाते. मेजरच्या मरणाने पुस्तक सुरू होतं. व्हिक्टोरियाच्या मरणाने ते फक्त वेग घेतं. मेजर पाहुणा होता. ज्या गोष्टीला तिच्या डोळ्यांची गरज होती तिला तिची गरज नव्हती.

•

ख्रिस्तीच्या दोन वर्षं आधी, १९६२ साली, व्ही. एस. नायपॉल यांचं ‘द मिडल पॅसेज’ आलं. त्रिनिदादमध्ये जन्मलेला, इंग्लंडात स्थिरावलेला लेखक पुन्हा कॅरिबियनमध्ये फिरतो: त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना, सुरीनाम, मार्टिनिक, जमैका. पुस्तक कडवट आहे, आणि त्यातले काही निष्कर्ष त्या समाजावर अन्याय करणारे आहेत असं मलाही वाटतं. पण त्याचा शेवट कुठे होतो ते पाहण्यासारखं आहे. किंग्स्टनच्या झोपडपट्ट्या आणि रास्ताफारी यांच्याबद्दल लिहून झाल्यावर हा लेखक पाहुणा म्हणून फ्रेंचमन्स कोव्ह नावाच्या अत्यंत महागड्या रिसॉर्टवर जातो. तिथे मागाल ते मिळतं. आणि तिथेच पुस्तक संपतं.

हा शेवट मला फार प्रामाणिक वाटतो. एका समाजाबद्दल अडीचशे पानं वाद घातल्यावर लेखक अशा जागी पोचतो जिथे तो समाज ऐकूच येत नाही. कुंपणाच्या आत बेट संपलेलं असतं. पण नायपॉलना तिथे दिसतो तो स्वतःवर होणारा परिणाम. नोकरमाणसं पुरवठ्याचा भाग म्हणून येतात. इतरत्र गोदी कामगारापासून मंत्र्यापर्यंत कुणालाही हटकणारा हा लेखक रिसॉर्टवर कुणालाच फारसं हटकत नाही. तो पाहुणा झाला की त्याची सवयही पाहुण्याची होते.

•

जमैका किंकेड अँटिग्वाच्या. जन्म १९४९, सेंट जॉन्स. किशोरवयातच अमेरिकेत मुलं सांभाळण्याच्या नोकरीवर पाठवल्या गेल्या. तिथे पुढे लेखिका झाल्या, नाव बदललं. १९८८ साली त्यांनी ‘अ स्मॉल प्लेस’ हे जेमतेम ऐंशी पानांचं पुस्तक लिहिलं. मी ते रिसॉर्टवरच दुसऱ्यांदा वाचलं. खुर्चीत पाय पसरून हे पुस्तक वाचणं हा काही सुखाचा अनुभव नाही.

पहिला भाग थेट पर्यटकाला उद्देशून आहे. तुम्ही विमानतळावर उतरता, तिथपासून सुरुवात. तो विमानतळ पंतप्रधानांच्या नावाचा आहे. शाळा किंवा दवाखाना त्यांच्या नावाचा का नाही, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही. जपानी बनावटीची नवीकोरी टॅक्सी वाईट आवाज करते, कारण तिच्यात चुकीचं पेट्रोल भरलं जातं. तुम्हाला फक्त आवाज ऐकू येतो. इथे पाऊस पडत नाही म्हणून तुम्ही खूश असता. ज्यांना आयुष्यभर पाण्याचा थेंब थेंब मोजावा लागतो त्यांच्या बाजूने तुम्ही विचार करत नाही. तुमच्या ताटातलं अन्न मायामीहून विमानाने आलेलं असतं. आणि तुमच्या न्हाणीघरातलं सांडपाणी जातं कुठे? तुम्ही पोहता आहात त्या समुद्रात, कदाचित.

या मांडणीची ताकद अशी की प्रत्येक मुद्दा नळासारखा आहे: तोटी दिसते, किंकेड मागची पाइपलाइन उघडून दाखवतात. पुढे त्या ग्रंथालयाकडे वळतात. १९७४च्या भूकंपात ते मोडकळीला आलं, दुरुस्ती बाकी आहे अशी पाटी लागली, आणि पुस्तक लिहीपर्यंत ती पाटी तशीच होती. हॉटेल प्रशिक्षण शाळेचा पदवीदान समारंभ मात्र रेडिओ-टीव्हीवर दाखवला जातो. १८३४ मध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेला समाज मुक्तीचा दिवस साजरा करतो आणि चांगला नोकर कसा व्हावं हे शिकवणाऱ्या शाळेचाही उत्सव करतो, आणि दोहोंतला संबंध त्याला दिसत नाही, हे किंकेड यांचं निरीक्षण आजही अंगावर येतं. स्थानिक सत्ताधाऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. पुस्तकाचा मोठा भाग स्वतंत्र अँटिग्वातल्या भ्रष्टाचारावर आहे.

मराठी वाचकासाठी मला यातली सगळ्यात रोचक अडचण भाषेची वाटते. हे पुस्तक मराठीत आणायचं तर त्यातल्या ‘यू’चं काय करायचं? इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही. आपल्याला पडतो. ‘तू’ म्हटलं तर राग पोचतो, पण सुरुवातीचा थंड, आदरातिथ्याचा सूर जातो. ‘तुम्ही’ म्हटलं तर वेटरचा सूर येतो, आणि तोच बरोबर आहे, कारण किंकेड यांच्या वाक्यांत हॉटेलच्या माहितीपत्रकाची गोड लय मुद्दाम ठेवलेली आहे आणि विष त्या गोडव्यात आहे. मी भाषांतर करत असते तर ‘तुम्ही’ घेतलं असतं आणि शेवटपर्यंत सोडलं नसतं.

पण मग तिसरा शब्द खुणावतो: ‘आपण’. तो हॉटेलातल्या अतिनम्र संबोधनातही चालतो आणि ‘तुम्ही आणि मी दोघं’ या अर्थीही चालतो. इथे अडचण व्याकरणाची राहत नाही. किंकेड यांचा पर्यटक गोरा आहे, उत्तर अमेरिकेतला नाहीतर युरोपातला. त्याच्या पूर्वजांनी या बेटावर ऊस लावला आणि माणसं विकली. माझ्यासारखा वाचक त्या ‘तुम्ही’त मोडतो का? माझे पणजोबा राणीच्या राज्यात जन्मले. माझ्याही शाळेत इंग्रजी कविता घोकून घेतल्या गेल्या. इतिहासाच्या हिशेबाने मी किंकेड यांच्या बाजूला बसते. मनगटावरच्या पट्ट्याच्या हिशेबाने नाही. त्या पहिल्या भागाच्या शेवटी त्या म्हणतात की प्रत्येक स्थानिक माणूस हा संभाव्य पर्यटक असतो, फक्त बहुतेकांकडे जायला पैसे नसतात. तो परिच्छेद माझ्यासाठी पुस्तकाचा कणा आहे. आज परदेशी सुट्टीवर जाणारे आपण मराठी लोक म्हणजे ज्यांच्याकडे पैसे आले असे स्थानिक आहोत. किंकेड यांच्या पुस्तकात अशा माणसासाठी तयार जागा नाही, आणि ती नसणं हे मला भारतीय वाचकाने करायचं शिल्लक काम वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. या निबंधात पर्यटकाला चेहरा नाही हे हेतुपूर्वक आहे. पण काम करणाऱ्यालाही चेहरा नाही. स्थानिक लोक तुमच्या मागे तुमच्यावर हसतात, एवढं कळतं. कोण हसतं, काय बोलून हसतं, ते नाही. आमच्या रिसॉर्टच्या फाटकावर साठीचे एक पहारेकरी होते. मी भारतीय म्हटल्यावर त्यांनी २००२ साली सेंट जॉन्सच्या मैदानावर मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजी करणारा कुंबळे स्वतः पाहिल्याचं सांगितलं. लाराला पायचीत केलं तो चेंडू त्यांनी हाताने फिरवून दाखवला. मग मागून व्यवस्थापकाची गाडी आली आणि ते क्षणात ताठ उभे राहिले, “गुड आफ्टरनून, मॅडम”. दोन वाक्यांपूर्वी आम्ही क्रिकेटचे दोन प्रेक्षक होतो. ‘अ स्मॉल प्लेस’च्या ‘तुम्ही’ आणि ‘ते’ या मांडणीत अशा दोन मिनिटांना जागा नाही. ती मिनिटं काही सिद्ध करत नाहीत. पगार, फाटक, पट्टा सगळं जिथल्या तिथे राहतं. पण माणसाला चेहरा मिळतो तो अशाच ठिकाणी.

•

चेहरा द्यायचं काम कवितेने करून पाहिलं. डेरेक वॉलकॉट सेंट लुशियाचे. फ्रेंच आणि ब्रिटिश यांच्यात चौदा वेळा हात बदललेलं हे बेट, म्हणून त्याला वेस्ट इंडीजची हेलन म्हणतात. वॉलकॉट यांच्या ‘ओमेरोस’ (१९९०) या दीर्घकाव्यात खरीखुरी हेलन आहे, काळी, देखणी, मानी. ती एका निवृत्त ब्रिटिश मेजरच्या घरी मोलकरीण होती. मालकिणीचा पिवळा झगा तिच्या अंगावर आहे. तो दिला की चोरला, यावर दोघींचं एकमत नाही. पुढे ती हॉटेलात वेट्रेस होते आणि अंगचटीला येणारे पर्यटक सहन न झाल्याने ते कामही जातं. काव्याची सुरुवातही पर्यटकांपुढेच होते: एक कोळी त्यांना होड्यांसाठी झाडं कशी तोडली ते सांगतो आणि थोडे जास्त पैसे मिळाले तर पायाची जखमही दाखवतो.

खोली आवरणारीला ट्रॉयच्या हेलनचं नाव देणं हा मोठा सन्मान आहे. पण तो सन्मान तिला पुन्हा दृश्य करतो. सगळे पुरुष तिच्याकडे पाहतात, कोळी, मेजर, कवी. ती काय पाहते हे कमी कळतं. वॉलकॉट यांचा मोठेपणा असा की त्यांनी ही शंका काव्यातच घेतली आहे: होमरची सावली न टाकता, सूर्य जशी पाहतो तशी ही बाई मला का पाहता येऊ नये? १९९२च्या नोबेल भाषणातही हीच स्वतःची झाडाझडती आहे. ते त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावात रामलीला पाहायला जातात. १८४५ पासून ऊसमळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ती रामलीला. त्यांना ती आधी एक नाट्यप्रयोग, एका हरवलेल्या गोष्टीचा अवशेष वाटते, आणि मग कळतं की तिथली मुलं नाटक करत नसून श्रद्धेने काहीतरी जगत आहेत. पाहुण्याची नजर त्या प्रदेशातल्या कवीलाही लागू शकते, आणि ती ओळखून बाजूला ठेवता येते, हे या भाषणातून शिकण्यासारखं आहे. वॉलकॉट नुसतं बोलून थांबले नाहीत. सेंट लुशियातल्या दोन पिटन शिखरांच्या मधल्या दरीत मोठं रिसॉर्ट उभं राहत होतं तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. रिसॉर्ट झालंच.

•

आता पुन्हा किंकेड. ‘ओमेरोस’ आलं त्याच वर्षी त्यांची ‘लूसी’ ही छोटी कादंबरी आली. ‘अ स्मॉल प्लेस’मधली जी उणीव मी वर सांगितली तिचं उत्तर इथे आहे, आणि माझ्या मते व्हिक्टोरिया जॉन्सनला मिळालेला न्यायही.

लूसी कॅरिबियन बेटावरून अमेरिकेतल्या एका सुखवस्तू घरी मुलं सांभाळायला येते. म्हणजे रिसॉर्टची मांडणी उलटी: इथे काम करणारीनेच प्रवास केला आहे आणि मालक घरी आहेत. मालकीण मराया प्रेमळ आहे, खरोखर प्रेमळ, आणि म्हणूनच पुस्तक अवघड आहे. ती हौसेने लूसीला डॅफोडिल्सचा ताटवा दाखवायला नेते. लूसीने ही फुलं कधी पाहिलेली नाहीत, पण वर्ड्‌सवर्थची त्यांच्यावरची कविता शाळेत पाठ करून म्हटली आहे. तिला वाटतं, हातात कोयता असता तर सगळी छाटून टाकली असती. मरायाला सौंदर्य दिसतं, लूसीला शाळा दिसते. कुणीच खोटं बोलत नाही.

आणि या घरातही एक बाटली आहे. मरायाचा नवरा तिच्या मैत्रिणीत गुंतला आहे, हे लूसीला दिसतं. मरायाला दिसायच्या बरंच आधी. घरात वावरणाऱ्या, ज्यांची दखल घ्यायची कुणाला गरज वाटत नाही अशा माणसांना जे दिसतं ते तिला दिसतं. व्हिक्टोरियाने पाहिलं आणि बोलली, आणि तिला मरावं लागलं. लूसी पाहते आणि गप्प राहते, आपल्याजवळ ठेवते. शेवटी नोकरी सोडते, स्वतःची खोली घेते, मरायाने दिलेली वही उघडते आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिते. खोली आवरणारी आता निवेदक आहे. पुस्तकभर आपण पाहुण्यांबद्दल वाचत होतो, पण तिच्या डोळ्यांनी, आणि मराया आपल्याला इतकी नीट दिसली ती त्या डोळ्यांमुळे. ‘अ स्मॉल प्लेस’मधल्या पर्यटकाला जो चेहरा नाकारला होता तो मरायाला मिळाला, रागाला धक्का न लागता.

‘लूसी’ समुद्रकिनाऱ्यावर घडत नाही हे मला माहीत आहे. तरी रिसॉर्टवर राहण्याबद्दलचं सर्वांत खरं पुस्तक म्हणून मी तेच पुढे करेन. आम्ही तिथे असताना आमची खोली आवरणाऱ्या बाई रोज सकाळी साडेदहाला यायच्या. आम्ही कुठलं पुस्तक अर्धवट टाकलं, कुठली औषधं घेतो, कोणत्या रात्री कोण सोफ्यावर झोपलं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मला त्यांच्याबद्दल त्यांचं पहिलं नाव ठाऊक होतं, तेही छातीवरच्या पट्टीवर छापलेलं होतं म्हणून. हे असमान ज्ञान प्रत्येक रिसॉर्टवर रोज तयार होतं आणि ज्याच्याकडे ते आहे त्याने ते वापरायचं नाही यावर सगळी शांतता उभी असते. ख्रिस्तीने ते ज्ञान किती धोक्याचं असतं ते दाखवलं. किंकेड यांनी ते ज्ञान म्हणजे साहित्य आहे हे दाखवलं.

ही पुस्तकं वाचायची असतील तर क्रम असा सुचवेन: आधी ‘अ कॅरिबियन मिस्टरी’, मौजेने, पण व्हिक्टोरियाची पानं सावकाश. मग ‘अ स्मॉल प्लेस’, एका बैठकीत. त्यानंतर ‘लूसी’. ‘ओमेरोस’ला वेळ द्या, एक-दोन पावसाळे जाऊ द्या. नायपॉल कधीही वाचा, पण शेवटची पानं गाळू नका. आणि यातलं एखादं पुस्तक किनाऱ्यावरच्या खुर्चीत बसून वाचत असाल, तर पहाटे जरा लवकर उठा. दाताळ्यांचा आवाज साडेसातला बंद होतो.